बाहेर बसलेला ब्राउझर

माझ्या भावाला लिंक दिसली की उघडल्याशिवाय राहवत नाही. कुणी लग्नाची पत्रिका पाठवो, मंडपाचा फोटो पाठवो, नाहीतर तुमचं पार्सल अडकलंय म्हणून कळवो. दादाचं बोट आधी चालतं आणि डोकं मागून येतं. बोलायला जावं तर त्याचं उत्तर ठरलेलं. "गिऱ्हाइकानं पाठवलं अन् आपन पाह्यलंच नाई, तर त्याले राग नाई येनार?" आमचा फुलांचा धंदा आहे. घर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे, आणि गावाबाहेर थोडी काळी जमीन, तिच्यात शेवंती आणि झेंडू. गिऱ्हाईक दुखावणं हे आमच्या घरात मोठं पाप समजतात, आणि दादाच्या लेखी लिंक पाठवणारा प्रत्येक जण गिऱ्हाईकच असतो.

मी अमरावतीला राहते. एका मोठ्या कार्यालयात संगणकांची सुरक्षा सांभाळते, म्हणजे दिवसभर दादासारख्याच माणसांच्या बोटांमागे धावते. त्यांच्यावर मला ओरडता येत नाही. तो सगळा राग मी साठवून अकोल्याला नेते.

गेल्या वर्षी श्रावण लागायच्या जरा आधी आईचा फोन आला. आई सहसा स्वतःहून फोन करत नाही. "तुह्या भावानं काय करून ठेवलं ते पाहून जाय," ती म्हणाली. "कंप्युटर आपोआप चालू होऊन राहिला. देव्हाऱ्यासमोर बाया नाचतेत, पत्ते फेकतेत. मले हार करता करता डोये झाकून बसा लागते." दादानं कुठल्याशा सजावटवाल्यानं पाठवलेली लिंक उघडली होती आणि तिच्यातून जुगाराच्या जाहिराती घरात शिरल्या होत्या. आधी फोनवरूनच त्याला संगणकाची वायर काढायला लावली, मग बँकेचा पासवर्ड बदलायला लावला, आणि रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याला इतकं झापलं होतं की घरी पोचल्यावर प्रत्यक्ष झापायला जोर उरला नाही.

आमच्या घराची मांडणी सांगायला हवी. पुढे छपरी, म्हणजे ओसरी, मग मोठी खोली, आणि तिच्या मागे आतली खोली. आतली खोली सगळ्यात थंड, म्हणून फुलं तिथे. फुलं तिथे म्हणून आई आणि वहिनी हार ओवायला तिथेच बसतात. देव्हाराही तिथेच. बाबा गेल्यावर दादानं इन्व्हर्टर बसवला तो त्या खोलीत, त्यामुळे संगणकही तिथेच आला. ओल्या गोणपाटाखाली फुलांच्या टोपल्या, कोपऱ्यात देव, आणि देवाच्या उजव्या हाताला संगणक. आमचा सगळा संसार त्या एका खोलीच्या भरवशावर चालतो.

संगणक साफ केला आणि मग विचार करत बसले. दादाची सवय जाणार नव्हती. त्याला लिंक उघडू नको म्हणणं म्हणजे माशी आली तरी हात हलवू नको म्हणण्यासारखं. मग मी आमच्या कामात करतात तेच केलं. संगणकाची मेमरी वाढवली आणि त्याच्या पोटात दुसरा एक संगणक उभा केला, खोटा, नुसता सॉफ्टवेअरचा. त्याला आभासी यंत्र म्हणतात. ब्राउझर टाकला तो त्या खोट्या संगणकात. सगळ्या लिंका, पत्रिका, मंडपाचे फोटो तिथे उघडायचे. तिथे काय घाण यायची ती येऊ दे, ती आतल्या खऱ्या संगणकाला लागणार नाही. दोघांमध्ये कुठलीही फाइल इकडची तिकडे जाणार नाही, एक अक्षरसुद्धा उचलून इकडे चिकटवता येणार नाही, असं सगळं बंद करून टाकलं. आणि संध्याकाळी काम आटोपून खोटा संगणक मिटला की तो पुन्हा पहिल्या दिवसासारखा कोरा व्हायचा. बँकेचं काम तेवढं खऱ्यावर.

हे सगळं मी दादाला समजावून सांगितलं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, चित्र काढून सांगितलं. दादा मान हलवत होता आणि त्याच्या डोळ्यांत काहीही हलत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "म्हंजे कंप्युटरात कंप्युटर? कायले पन?"

आई सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, तो बाहेर बसला."

"कोन?"

"थो ब्राउझर का काय म्हनते ते. बाहेर बसलेल्या बाईवानी. तिचं अंथरून वेगयं, तिचं ताट वेगयं. तिनं हात लावलेली वस्तू आत आनाची नाई. आतलं तिले द्याचं नाई, दुरून ठेवाचं. अन् दिवस सरले का डोक्यावरून आंघोय, मंग जशीच्या तशी. इतकंच नं?" हे शेवटचं मला.

मी बघतच राहिले. मी इतकी वर्षं हे लोकांना शिकवते, सरकारी निमशासकीय सगळ्यांना, आणि इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. दादाला तर क्षणात कळलं, आणि आम्ही सगळे हसत सुटलो. शिवाशिव कळत नाही असा माणूस आमच्या गल्लीत मिळायचा नाही. त्या दिवसापासून दादानं तो नियम जसा पाळला तसा त्यानं आयुष्यात दुसरा कुठला पाळला नसेल. ऑर्डर खोट्या संगणकात वाचायची, पाटीवर खडूनं लिहून घ्यायची, आणि मग पाटी बघून आईला हार सांगायचे. संध्याकाळी वहिनी बाजारातून आली की तिला ओरडून सांगायचा, "थांब, आधी त्याले आंघोय घालू दे." वहिनी डोक्याला हात लावायची.

मी अमरावतीला येऊन हा किस्सा कार्यालयात सांगितला. बायका खो खो हसल्या. पुरुषांनी चहाच्या कपात बघितलं. मला फार मजा वाटली.

एक गोष्ट मात्र मी कार्यालयात सांगितली नाही. आई हे सगळं आतल्या खोलीत बोलत होती तेव्हा माझी भाची, दादाची मुलगी, छपरीत चटईवर बसलेली होती. तिचा दुसरा दिवस होता. मधली दोन्ही दारं उघडी होती. आम्ही हसलो ते तिनं ऐकलं, आणि मी पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा ती माझ्याकडे न बघता पुस्तकाचं पान उलटत होती. फुलांच्या घरात हे जरा जास्तच कडक असतं. आमचे हार देवळात जातात. बाहेरच्या बाईचा हात फुलाला लागला असं नुसतं कुणी म्हटलं तरी ऑर्डर जाईल, असं आई मानते. तसं कुणी कधी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. पण आईची सासू मानत होती, म्हणून आई मानते. मी अमरावतीला यातलं काही करत नाही, आणि माहेरी आले की तारखा सांगतच नाही. आई विचारतही नाही. आमच्यात तो न बोललेला करार आहे आणि मला तो सोयीचा वाटत आला आहे.

भाची यंदा बारावीला होती. दाण्यासारखी टपोरी अक्षरं, गणित म्हटलं की डोळे चमकतात, आणि बोलणं बापासारखं तोंडावर. तिला विज्ञान शिकवणाऱ्या एका संस्थेत जायचं होतं, दूर, दुसऱ्या राज्यात. तिथे निवड झाली तर राहण्या-जेवण्यासकट सगळं शिकणं संस्थेच्या खर्चानं. निवड नाही झाली तर दादानं तिला बाहेरगावी पाठवणं शक्यच नव्हतं, हे ती आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त ओळखून होती. परीक्षा एकच, वर्षातून एकदा, आणि घरी बसून संगणकावर द्यायची. कॅमेरा चालू हवा, खोलीत दुसरं कुणी नको, दार बंद. त्यासाठी मी आदल्या दिवशी अकोल्याला गेले.

दुपारी आम्ही परीक्षेचं सॉफ्टवेअर तपासायला घेतलं. मी माझ्या शिस्तीनं ते खोट्या संगणकात टाकलं. बाहेरून आलेली वस्तू, ती बाहेरच. त्यानं कॅमेरा बघितला, माइक बघितला, आणि मग पडद्यावर लाल पट्टी आली. आभासी यंत्रावर ही परीक्षा देता येणार नाही, खऱ्या संगणकावर या. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. खोट्या संगणकाच्या आडून कॉपी करणारी पोरं कमी नाहीत.

"मग खऱ्यावर टाक ना, आत्या," भाची म्हणाली.

"टाकते. आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवू दे."

नक्कल निघायला वेळ लागत होता. ती उठून मागे गेली, आणि परत आली ती आतल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत येईना. तिचा चेहरा बघून मला कळलं.

"आजच?"

"आजच," ती म्हणाली, आणि एकदम तिचे डोळे भरून आले. "अजून चार दिवस होते, आत्या. मोजले होते मी."

आई तिथेच होती. तिनं हातातला हार टोपलीत ठेवला आणि नातीकडे बघत राहिली.

मग आमची पळवाटा शोधायची धावपळ सुरू झाली. माझा लॅपटॉप होता, पण तो कार्यालयाचा. त्यावर बाहेरचं काही बसत नाही, आणि ते कुलूप मीच घातलेलं. फोनवर परीक्षा चालत नव्हती. सायबर कॅफेत एकटीला खोली कोण देणार? दादा म्हणाला, कंप्युटरच छपरीत उचलून नेऊ. आई म्हणाली, "नेशीन. तिचा हात लागल्यावर मंग आत कसा आनशीन? त्याले आंघोय कशी घालतं?" दादानं माझ्याकडे बघितलं. जणू संगणकाला आंघोळ घालायची काही युक्ती मला ठाऊक असावी. एरवी मी हसले असते. त्या वेळी मला त्याचा, आईचा, त्या सगळ्या घराचा इतका राग आला की कानशिलं तापली.

"आई," मी म्हटलं, "पोरीचं आयुष्य आहे. एक दिवस तुझा नियम बाजूला ठेव."

"तुह्या नेमाचं काय?" ती शांतपणे म्हणाली. "बाहेरची वस्तू आत येऊ द्याची नाई म्हने."

"मी मोडते ना माझा. उद्याच्यापुरता मोडते."

"तुह्या नेमाची तू मालकीन हायेस. तू केला, तू मोडशीन." तिनं सुई दोऱ्यासकट गोणपाटात खोचली. "माह्या नेमाची मी नाई."

आई अडाणी हट्ट करते आहे असं मी धरून चालले होते, आणि ती तर नुसती अडकलेली होती. ते मला त्या वाक्यानं कळलं, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

संध्याकाळी भाची छपरीत चटईवर बसली होती, गणिताचं पुस्तक मांडीवर बंद. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. आई पायरीवर शेंगा निवडत होती, आमच्याकडे पाठ करून.

"आत्या, एक सांग," भाची म्हणाली. "तू ब्राउझरले वेगळं काहून ठेवलं? तो खराब आहे म्हणून?"

"नाही गं. त्याच्यात काही खराब नाही. तो बाहेर जातो, दहा ठिकाणी फिरतो. त्याच्याबरोबर काय येईल सांगता येत नाही."

"मी कुठं जातो? मी तर घरातच असतो." आमच्याकडे मुली 'जातो' म्हणतात, पुण्याची माझी मैत्रीण हे ऐकून दचकते.

"खरं सांगू?" मी म्हटलं. "वेगळं ठेवतात ते आतलं नाजूक असतं म्हणून. दादाच्या संगणकाला धक्का सोसत नाही. तो सोसला असता, तर मी हे काही केलंच नसतं."

"म्हणजे देव नाजूक आहे," ती म्हणाली. "माझ्यानं त्याले काही होते."

तिनं चिडून म्हटलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती गणित सोडवताना म्हणते तसं म्हणाली. मला रडू आलं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी उठून आत गेले. पायरीवरचा शेंगांचा आवाज थांबला होता.

सकाळी मला जाग आली ती दादाच्या आवाजानं. "आई, हे काय करून राहिली?"

आईनं आंघोळ करून नऊवारी नेसली होती. फुलांची एक टोपली घासून पुसून तिच्यात केळीचं पान घातलं होतं, आणि देव्हाऱ्यातले देव एकेक करून ती त्या टोपलीत ठेवत होती. आधी बाळकृष्ण, मग अन्नपूर्णा, मग कुळाचे चांदीचे टाक. टाक तिनं पदरानं पुसून घेतले.

"दिसत नाई का? देव हालवून राहिली."

"असे हालवतेत का?"

"घराले चुना मारतानी हालवत नाई का आपन? त्यात काय." मग माझ्याकडे वळून, "तू कायले उभी हायेस? फुलाच्या टोपल्या घे बाहेर. हार तिथंच करू आज."

मी टोपल्या उचलल्या. दादानं देव्हारा उचलला, पुटपुटत. वहिनी पहाटेच्या बाजारातून लवकर आली होती. तिनं गोणपाट आणि दोऱ्याची रिळं घेतली. छपरीतली चटई आईनं स्वतः झटकली, नीट अंथरली, तिच्यावर पाट मांडला आणि पाटावर देव बसवले. उदबत्ती लावली. दिवा लावला. त्यांच्यापुढे फुलं वाहिली ती रोजच्यापेक्षा जरा जास्तच वाहिली.

नाहून आलेली भाची दारात ओल्या केसांनी उभी राहून हे बघत होती. आईनं तिच्याकडे न बघता हातानं आत जायची खूण केली. "जाय. मोकळी हाये खोली."

भाची आत गेली. मी परीक्षा खऱ्या संगणकावर सुरू करून दिली, बाहेर आले आणि दार लावून घेतलं. परीक्षेच्या नेमाप्रमाणे आत ती एकटी. बाहेर छपरीत आम्ही सगळे, फुलं आणि देव. हार ओवायला बसलो. कुणी मोठ्यानं बोलेना. दादा इन्व्हर्टरची काळजी करत दर थोड्या वेळानं दाराला कान लावून येत होता आणि वहिनी त्याला डोळ्यांनी दटावत होती.

समोरची काकू दूध घेऊन चालली होती. तिनं छपरीत देव बघितले आणि थबकली. "काहो, देव बाहेर काहून?"

काकूला कळलं म्हणजे गल्लीला कळलं, आणि गल्लीला कळलं म्हणजे देवळापर्यंत जायला किती वेळ लागतो? मी चुन्याचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. आईनं मला बोलूच दिलं नाही.

"नात परीक्षेले बसली आत," ती म्हणाली. "तिची अडचन हाये. म्हनून हे बसले बाहेर."

काकू बघत राहिली. आईनं हातातला हार गाठ मारून पुरा केला, खाली ठेवला, नवा दोरा घेतला. "सारी जिंदगी मी बसली या चटईवर. थंडीत बसली, तापात बसली. हा मोठा पोरगा पायाले बिलगाले ये, तर त्याले बी दूर लोटत होती. या देवायनं बसून पाहावं घडीभर."

काकू चप्पल काढून छपरीत आली, देवाला हात जोडले, आणि दूध खाली ठेवून खाली बसली. थोड्या वेळानं तिनं टोपलीतली शेवंती ओढून घेतली आणि देठं खुडायला लागली.

दादा दाराशी उभा होता. तो आईकडे बघत होता, आणि मला वाटतं ते पायाला बिलगणं त्याला आठवत नसावं. त्यानं काहीतरी म्हणायला हवं होतं, पण त्याला असलं काही म्हणता येत नाही. तो मोठ्या खोलीत गेला आणि आईसाठी पाण्याचा तांब्या भरून घेऊन आला.

ऊन छपरीत शिरलं तेव्हा आतलं दार उघडून भाची छपरीच्या उंबऱ्यावर आली. तिचं तोंड उतरलेलं होतं आणि डोळे चमकत होते. पेपर कसा गेला ते मी विचारणार होते. त्याआधी तिनं सवयीनं छपरीच्या कोपऱ्याकडे बघितलं. चटईवर देव होते, दिवा होता, फुलं होती. तिला पाय ठेवायला जागा नव्हती.

"आजी," ती उंबऱ्यावरून म्हणाली, "मी कुठं बसू?"

आई सुई हातात धरून तिच्याकडे बघत राहिली. मग जरा सरकली, आणि स्वतःच्या शेजारची जमीन तळहातानं झाडली.

"ये," ती म्हणाली. "इथं बस माह्याजवय."